कुत्र्यासाठी फळांचा आणि भाज्यांचा गार खाऊ: घरी कसा करावा, कसा द्यावा

ठाणे आणि नवी मुंबईत उन्हाळ्यात पारा विदर्भाइतका चढत नसला, तरी खाडीकाठच्या दमट हवेत कुत्र्यांचे हाल व्हायचे ते होतातच. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातला व श्वासमार्गातला ओलावा उडून जाताना त्याचे शरीर थंड होते. हवेतच बाष्प भरलेले असले, की हा ओलावा सहजी उडत नाही, आणि म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, तसेच ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंख्याखाली पडलेला कुत्राही धापा टाकत राहतो. अशा दिवसांत गोठवलेल्या खाऊचा खरा उपयोग दोन कारणांनी होतो: त्यातून पोटात पाणी जाते आणि चाटून संपवायला वेळ लागत असल्याने कुत्रा त्यात गुंतून राहतो. पोषण त्याला जेवणातून मिळतच असते. म्हणून हा खाऊ जितका पाणीदार, फिका आणि भुसभुशीत, तितका चांगला. आंब्याचा घट्ट, गोड आणि दगडासारखा कडक गोळा आपल्याला कौतुकाचा वाटला, तरी कुत्र्याच्या सोयीचा नसतो.

काय टाळावे

द्राक्षे आणि मनुका कोणत्याही प्रमाणात देऊ नयेत. त्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षे बाधतील, हे आधी सांगता येत नाही. 2021 साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे मत मांडले आणि त्यांच्या नोंदींत चिंच खाऊन आजारी पडलेले कुत्रेही होते. त्यामुळे चिंचेचा कोळ पडलेली आमटी किंवा सारही खाऊत मिसळू नये. उन्हाळा सुरू होतो त्याच सुमारास नाशिकची द्राक्षे घराघरांत येतात, तेव्हा टेबलावरचा घड कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवणे, ही या कृतीची पहिली पायरी समजावी.

कांदा आणि लसूण यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि कांदा-लसूण शिजवला किंवा वाळवला तरी हा धोका जात नाही. मटण शिजवताना काढलेले आळणी पाणी मीठतिखट नसल्यामुळे निर्धोक वाटते, परंतु त्यात बहुतेक वेळा कांदा, आले-लसूण पडलेलेच असते, म्हणून ते वापरू नये. चव हवीच असेल, तर चिकनचे दोन तुकडे नुसत्या पाण्यात उकडून, वरची चरबी काढून ते पाणी घ्यावे. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट आणि जायफळही वर्ज्य. शेंगदाण्याचे लोणी घालण्याची अलीकडे पद्धत आहे; त्याच्या बाटलीवरील घटकांत झायलिटॉल नाही, हे वाचून पाहावे, कारण हा साखरेचा पर्याय कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरवतो आणि यकृतालाही इजा करतो.

बिया आणि कोयी यांची बाबही तितकीच गंभीर आहे. सफरचंदाच्या बियांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, चिकूच्या बिया गुळगुळीत आणि टोकदार असतात, आणि आंब्याची कोय तर लाडाने चाटायला दिली जाते व तीच आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ आणते. आंब्याची सालही काढून टाकावी.

काय निवडावे

पाणीदार आणि कमी उष्मांकाची फळे आधी घ्यावीत. 100 ग्रॅम कलिंगडात सुमारे 30 किलोकॅलरी असतात, पपईत 43, सफरचंदात 52, हापूसच्या जातकुळीतील आंब्यात साधारण 60 आणि केळ्यात जवळजवळ 90. म्हणजे कलिंगड, खरबूज आणि काकडी हा खाऊचा पाया, पपई आणि सफरचंद बेताने, आणि आंबा-केळे केवळ वासापुरते. जांभळी नाक्यावरून किंवा वाशीच्या बाजारातून आणलेले फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, कारण गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते फक्त स्वस्थ बसतात.

भाज्यांमध्ये लाल भोपळा, गाजर, रताळे आणि फरसबी उत्तम. कच्च्या गाजराचे तुकडे कुत्रा नीट चावत नाही आणि ते जसेच्या तसे विष्ठेतून बाहेर पडतात; त्यामुळे कुकरमध्ये मीठ न घालता मऊ शिजवून वाटलेली भाजी अधिक पचते. काकडी किंवा दुधी वापरण्यापूर्वी स्वतः एक चकती चाखून पाहावी आणि कडू लागल्यास ते फळ पूर्ण फेकून द्यावे, कारण तो कडवटपणा विषारी द्रव्याचा असतो. बीट थोडेसे चालते, मात्र लघवी गुलाबी दिसली म्हणून घाबरून जाऊ नये, आणि पांढऱ्या फरशीवर तर ते देऊच नये.

कृती

कलिंगड-काकडीचा खाऊ सर्वांत सोपा. दोन वाट्या कलिंगडाच्या लाल गराच्या बिया आणि पांढरी साल काढावी, अर्धी सोललेली काकडी घालावी आणि मिक्सरमधून फिरवून घ्यावे. साखर, मध, मीठ, चाट मसाला यांपैकी काहीही घालू नये. हे मिश्रण साच्यात काठोकाठ न भरता थोडी जागा सोडावी, कारण गोठताना ते फुगते.

दुसरा प्रकार थोडा पोटभरीचा आहे. वाटीभर उकडलेला लाल भोपळा आणि अर्धे उकडलेले गाजर पूर्ण थंड करून वाटावे, त्यात दोन चमचे घुसळलेले साधे दही आणि अर्धी वाटी पिण्याचे पाणी मिसळावे. दह्याऐवजी ताक घेतल्यास अधिक चांगले, परंतु ते मीठ-जिऱ्याशिवायचे असावे. ज्या कुत्र्यांना दूध सोसत नाही, त्यांना दही बहुधा सोसते. तरीही पहिल्या वेळी चमचाभरच द्यावे. कोणतेही नवे फळ एका वेळी एकच आणि थोडेसे द्यावे आणि पुढचा दिवसभर जुलाब किंवा अंगाची खाज होते का, ते पाहावे, म्हणजे बाधणारी वस्तू ओळखता येते.

पाण्याचा निव्वळ बर्फ फार कडक असतो आणि तो कडाकडा चावताना कुत्र्याची मागची मोठी दाढ तडकू शकते. वाटलेल्या गरामुळे, त्यातही दह्यामुळे, खाऊ ठिसूळ होतो. तरीही फ्रीझरमधून काढल्यावर तो पाच-सात मिनिटे बाहेर ठेवावा आणि बोटाने दाबल्यावर कड दबते, हे पाहूनच द्यावा.

साचा कुत्र्याच्या आकारानुसार निवडावा. पग किंवा शित्झू यांना बर्फाच्या ट्रेमधला लहान तुकडा अर्धा करून द्यावा. लॅब्राडोरसारखा अधाशी कुत्रा मात्र लहान तुकडा न चावता गिळतो आणि तो घशात अडकतो. त्याच्यासाठी पसरट सिलिकॉनच्या भांड्यात तोंडात न मावणारी वडी गोठवावी, म्हणजे चाटण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. स्टीलची वाटी वापरल्यास ती क्षणभर पाण्यात धरून वडी ताटलीत उलटी करावी, कारण अतिथंड धातूला ओली जीभ चिकटते. रबरी पोकळ खेळण्यात भरायचे असेल, तर त्याला दोन्ही बाजूंनी भोके असलीच पाहिजेत. एकच भोक असल्यास त्यात जीभ घातल्यावर आत निर्वात पोकळी निर्माण होऊन ती अडकते.

ट्रे झाकणाचाच घ्यावा. ज्या घरात फ्रीझरमध्ये कोळंबी आणि बोंबील असतात, त्या घरातल्या उघड्या ट्रेला तो वास लागतो. कुत्र्याची त्याला हरकत नसते, पण कच्च्या मासळीचे पाणी त्यात पडता कामा नये. गोठलेले तुकडे डब्यात भरून वर तारीख लिहावी आणि दोन आठवड्यांत संपवावेत. वीज बराच वेळ गेल्याने वितळलेला खाऊ पुन्हा गोठवू नये.

किती आणि केव्हा

जेवणाव्यतिरिक्त दिवसभरात दिला जाणारा सगळा खाऊ, बिस्किटांसह, एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, असा पशुवैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे 500 ते 600 किलोकॅलरी लागतात. त्यामुळे खाऊच्या वाट्याला 50 ते 60 येतात. कलिंगडाच्या 20 ग्रॅमच्या तुकड्यात जेमतेम सहा असतात, तेव्हा तीन-चार तुकड्यांनी हिशेब बिघडत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा स्वादुपिंडाची सूज असलेल्या कुत्र्याला मात्र पशुवैद्यांना विचारल्याशिवाय यातील काहीही देऊ नये.

उपवन तलावावरून किंवा पाम बीच मार्गावरून धावून आलेल्या कुत्र्याला लगेच खाऊ देऊ नये. धाप उतरेपर्यंत थांबून आधी पाणी पाजावे. आणि उष्माघातावर हा खाऊ इलाज नाही. अंगाचे तापमान 104 अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, लाळेचे तार लोंबणे, हिरड्या लालभडक होणे, तोल जाणे ही लक्षणे दिसताच अंगावर साधे पाणी ओतून पंखा लावावा आणि त्यानंतर दवाखाना गाठावा. दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी तापलेले असते, म्हणून उन्हाळ्यात एक बादली भरून सावलीत ठेवलेली बरी. बेशुद्ध किंवा झोकांड्या खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बर्फ कोंबू नये, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

घरात दोन कुत्रे असतील, तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत खाऊ द्यावा, कारण एरवी गुण्यागोविंदाने राहणारे कुत्रेही अशा वस्तूवरून गुरगुरतात. सोसायटीच्या आवारातील कुत्र्यांनाही तो वेगवेगळ्या ताटल्यांत, अंतर ठेवून द्यावा आणि उरलेला मुंग्या लागण्याआधी उचलून जागा धुऊन टाकावी.