स्नेटिशमचे पक्षी: आधी भरती बघा, मग कॅमेरा उचला

शिवडीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणारा माणूस आधी भरतीची वेळ विचारतो. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या स्नेटिशमलाही तसंच करावं लागतं. वॉश नावाच्या उथळ खाडीच्या काठावरची ही जागा. ग्रीनलंड आणि कॅनडाच्या पार उत्तरेकडून आलेले नॉट पक्षी इथे ओहोटीच्या चिखलात बारीक शिंपल्या खात हिवाळा काढतात. मोठी भरती आली की चिखल बुडतो आणि हजारोंचा थवा उठून काठामागच्या तळ्यांवर येतो. तो क्षण गाठायचा आहे.

दिवस चंद्रावरून ठरवा. कोकणात उधाण येतं तसंच इथेही पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत सर्वांत मोठी भरती येते. म्हणजे कोजागिरीचं दूध पिऊन झालं की बॅग भरायला घ्या. वॉशमध्ये ही भरती सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी येते. फोटोसाठी सकाळच बरी, कारण समुद्र पश्चिमेला असल्याने सूर्य आपल्या पाठीशी राहतो. भरतीची बरीच कोष्टकं ग्रीनिच वेळेत असतात, हे विसरू नका. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात; ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती मागे जाईपर्यंत कोष्टकातल्या वेळेत एक तास मिळवा.

भरतीच्या दीड तास आधी पाण्याजवळ पोचा. पार्किंगपासून बरंच चालायचं आहे, त्यामुळे टॉर्च आणि पाणी न शिरणारे बूट हवेतच. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा, थंडीत ती पटकन उतरते. उजाडताना पिंक-फूटेड गीज (गुलाबी पायांचे रानहंस) चिखलावरचा मुक्काम सोडून बीट काढलेल्या शेतांकडे निघतात. त्यांचा कलकलाट आधी ऐकू येतो, रांगा मागून दिसतात.

कॅमेरा तेव्हाच तयार करून ठेवा: शटर १/२००० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर, फोकस सतत बदलणारा. उजळ आकाशापुढे पक्षी काळे येतात, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा. ४०० मिमीची लेन्स एकट्या-दुकट्या पक्ष्याला छान, पण थवा उठताना मी ती काढून ठेवते. सबंध आकाश मावेल अशी लेन्स लावा, नाहीतर फोनसुद्धा चालेल.

पाणी चढत जातं तसे नॉट मागे सरकत दाटीवाटीने उभे राहतात. लांबून वाळूत राखाडी गोटे पसरल्यासारखे वाटतात. मग एका टोकाला पंख हलतात आणि तो अख्खा पट्टा जमीन सोडतो. पाठी आपल्याकडे वळल्या की राखाडी, पोटं वळली की लख्ख पांढरा. डोक्यावरून जाताना पानांवर सर यावी तसा पंखांचा आवाज येतो. पहिला थवा नुसता बघा, फोटो दुसऱ्याचा काढा.

चिखलात मात्र पाऊल टाकू नका. ओहळांतून पाणी आपल्या मागून भरतं. आणि पक्ष्यांना पुन्हा पुन्हा उडवलं तर त्यांनी मुश्किलीने कमावलेली शक्ती वाया जाते.

भरती टिपेला पोचली की तळ्याकाठच्या हाइडमध्ये, म्हणजे लपून पक्षी बघायच्या खोपटात, जाऊन बसा. एकमेकांना खेटून डुलक्या घेणाऱ्या पक्ष्यांचे जवळचे फोटो इथेच मिळतात. पाणी उतरू लागलं की ते पुन्हा चिखलाकडे उडतात. सकाळी हुकलेल्यांना ही दुसरी संधी.

परतताना हॉथॉर्न या काटेरी झुडपाची लाल फळांनी लगडलेली कुंपणं दिसली तर गाडी बाजूला घ्या. ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियाकडून आलेले रेडविंग आणि फील्डफेअर हे कस्तुर जातीचे पक्षी त्यावर तुटून पडलेले असतात. खाली उतरू नका. इंजिन बंद करून काच खाली घ्या, लेन्स खिडकीच्या कडेवर टेकवा आणि थांबा.