दसऱ्यानंतरची पेरणी आणि थंडीत झाडं सांभाळणं

पाऊस थांबला आणि ऑक्टोबर हीटचा चटका जरा उतरला की मेथी, पालक, धने, गाजर, मुळा लावायला घ्या. धने अख्खे टाकू नका, चपलेने हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा, तरी उगवायला ८-१० दिवस लागतातच त्यामुळे घाई करून कुंडी उकरू नका प्लीज! मेथी ४ दिवसांत वर येते. गाजर-मुळा जागेवरच पेरा, रोप उपटून दुसरीकडे लावलं की मुळाला फाटे फुटतात. फ्लॉवर-कोबीची मात्र आधी रोपं करायची, २५-३० दिवसांनी हलवायची.

थंडीचं म्हणाल तर मुंबई-कोकणात फारसं काही करावं लागत नाही, पण नाशिक-निफाडकडे पारा ५-६ वर येतो तेव्हा तुळस काळी पडते, जीव तुटतो अगदी. रात्री जुनी सुती साडी काठ्यांवर टाकून झाका, पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी ऊन आलं की काढा. बुंध्याशी वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला. माती अगदी कोरडी ठेवू नका, ओलसर माती दिवसाची ऊब धरून ठेवते, म्हणून तर द्राक्षवाले पहाटे बागेला पाणी देतात आणि शेकोट्या पेटवतात.