मानसोपचार वॉर्डात दाखल करताना हिंसेचा अंदाज : या चुका टाळा

केस पेपरच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलेला 'व्हायलंट' हा शेरा फार महागात पडतो. त्यातून पुढच्या पाळीच्या सिस्टरना काय कळतं? हात कोणावर उचलला, कधी, कशावरून, थांबला कसा, यातलं काहीच नाही. एवढंच कळतं की या माणसापासून लांब राहायचं. मग त्याच्याशी कोणी धड बोलत नाही, पाणी मागितलं तरी उशिरा मिळतं आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. वॉर्डातल्या कितीतरी मारामाऱ्या साध्या नकारातून पेटतात. घरी फोन करू दिला नाही, तंबाखूची पुडी काढून घेतली, 'गप बस' म्हटलं, एवढं पुरतं.

त्याऐवजी असं लिहा : 'काल संध्याकाळी जेवणात विष घातलंय म्हणत भावाला ताट फेकून मारलं. दोन रात्री झोप नाही. आई जवळ बसल्यावर शांत झाला.' धोका कोणाला आहे, कशामुळे आहे आणि तो कमी कशानं होतो, हे तिन्ही यात आलं. भाऊ भेटायला आला तर काय काळजी घ्यायची, हेही रात्रपाळीला न सांगता कळतं.

नातेवाईकांना पेशंटसमोरच विचारणं

ही चूक मुंबईत सर्रास होते, कारण कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नसते. एका स्ट्रेचरभोवती सहा माणसं उभी आणि डॉक्टर विचारतात, 'मारतो का हा?' बायको पेशंटकडे बघते आणि 'नाही हो' म्हणते. घरी परत एकाच खोलीत राहायचंय, हे तिच्या डोक्यात असतं. किंवा मोठा भाऊ सगळा पाढा वाचतो आणि पेशंट तिथेच उसळतो.

पडद्याआड, पॅसेजमध्ये, जिन्याजवळ, कुठेही चालेल, पण नातेवाईकांशी वेगळं बोला. शक्य असेल तर एकाहून जास्त जणांशी बोला. माहिती दोन्ही बाजूंना झुकते, हेही लक्षात असू द्या. काही जण शरमेनं किंवा 'असा पेशंट घेणार नाहीत' या भीतीनं मारहाण लपवतात. काही जण ती वाढवून सांगतात, कारण ते थकलेले असतात आणि काहीही करून बेड हवा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ नुसार दाखल करताना अलीकडचं हिंसक वर्तन हा एक निकष आहे, त्यामुळे हा झुकाव नेमका इथे महत्त्वाचा ठरतो. त्यांना दोष देऊ नका, तपशील विचारा. शेवटची घटना कोणत्या दिवशी झाली? हातात काय होतं? कोणाला लागलं, टाके पडले का? त्याआधी काय बोलणं झालं? गोळ्या कधीपासून बंद आहेत? खरी घटना असेल तर माणूस सहसा वेळ, भांडं, खोली असे तपशील सांगू शकतो.

यानंतर पेशंटलाही विचारा. अनेकजण हे टाळतात, विचारलं तर डोक्यात विचार येईल या समजुतीनं. तसं होत नाही. 'कोणी तुमच्या वाईटावर आहे असं वाटतं का?', 'आवाज काही करायला सांगतात का?', 'ते सांगतात तसं कधी केलंय का?', 'स्वतःला वाचवण्यासाठी जवळ काही ठेवलंय का?' हे प्रश्न शांतपणे विचारले तर अनेकजण खरं सांगतात. पेशंटची भाषा येत नसेल तर ज्याच्यावर त्याचा संशय आहे त्याच नातेवाईकाला दुभाषा करू नका.

शरीराकडे न बघणं

बडबड आणि आदळआपट दिसली की सरळ मानसोपचार विभागाकडे पाठवलं जातं. साखर तपासा, ताप बघा, डोक्याला मार आहे का बघा. दिवसा ठीक आणि संध्याकाळी गोंधळ, वेळ-जागा कळत नाही, असं असेल तर डिलिरियम, म्हणजे शारीरिक आजारामुळे अचानक आलेला गोंधळ, असू शकतो. दारू शेवटची कधी घेतली हे तास मोजून लिहा. दारू सुटल्यावरचा गंभीर गोंधळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो, म्हणजे दाखल होताना शांत दिसलेला माणूस वॉर्डात पोचल्यावर बिघडतो.

तक्ता एकदाच भरणं

हिंसेचा अंदाज घ्यायच्या, नॉर्वेतून आलेल्या ब्रोसेट तक्त्यात सहाच गोष्टी आहेत : गोंधळ, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाणं, वस्तूंवर हल्ला. प्रत्येकाला शून्य किंवा एक गुण. बेरीज शून्य असेल तर धोका कमी, एक-दोन असेल तर मध्यम, तीन किंवा जास्त असेल तर लगेच पावलं उचलायची. पण हा अंदाज पुढच्या २४ तासांपुरताच आहे. दाखल होतानाचा आकडा आठवडाभर फाइलमध्ये पडून राहिला तर त्याला अर्थ नाही. प्रत्येक पाळीत तो नव्यानं भरायचा. ओळखीचा पेशंट नेहमीच थोडा गोंधळलेला असेल, तर गोंधळ वाढला तरच गुण द्यायचा, हेही विसरलं जातं. आणि इंजेक्शननंतर झोपलेल्या माणसाचा शून्य हा औषधाचा शून्य आहे. तो जागा झाला की पुन्हा बघा.

आकडा शून्य, पण मामा (वॉर्डबॉय) म्हणतात 'आज ह्याचं काही खरं नाही', तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांना नेमकं काय दिसलं ते विचारून लिहा. मामा आणि मावशी (आया) पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ असतात.

हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधानंतर पेशंट सारखा येरझारा घालतोय, बसवत नाही म्हणतोय, तर तो अकाथिसिया, म्हणजे औषधामुळेच येणारी अस्वस्थता, असू शकतो. त्याला चिडचिड समजून तेच औषध वाढवलं तर अस्वस्थता वाढते.

बाईच आहे म्हणून सोडून देणं

१९९३ साली अमेरिकेत लिड्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्त्री रुग्णांबद्दल डॉक्टरांचे हिंसेचे अंदाज नशिबावर सोडल्याइतकेच ठरले, कारण त्यांचा धोका कमी धरला गेला होता. प्रश्न तेच, तक्ता तोच ठेवा.

माणसं कमी आहेत म्हणून बांधणं

पालिकेच्या वॉर्डात रात्री हात कमी पडतात, हे खरं आहे आणि त्याचं ओझं सिस्टरवर येतं. तरीही मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ स्पष्ट आहे. एकांतात कोंडायचं नाही. बांधणं हा तात्काळ इजा टाळण्याचा एकमेव मार्ग असेल आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची मंजुरी असेल तरच ते करता येतं. शिक्षा म्हणून किंवा केवळ मनुष्यबळ कमी आहे म्हणून मुळीच नाही. पद्धत, कारण आणि किती वेळ, हे लगेच केस पेपरवर लिहायचं, सतत देखरेख ठेवायची आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (या कायद्याखाली त्याच्या वतीनं बघायला नेमलेल्या व्यक्तीला) २४ तासांच्या आत कळवायचं. म्हणून दाखल करतानाच त्या प्रतिनिधीचं नाव आणि चालू मोबाइल नंबर घ्या, आणि तो लागतो का हे तिथेच एक कॉल करून बघा.