हळदीने मधुमेह बरा होतो, असा संदेश आल्यावर काय तपासावे

‘रोज अनशापोटी चमचाभर हळद घ्या, महिन्यात साखर उतरेल, गोळ्या बंद करा’ हा संदेश सांगलीच्या घरात सहज पटतो, कारण हळद आपल्या ओळखीची आहे आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरीही त्यातील वाक्ये सुटी करून एकेक तपासावे.

अशा संदेशांत ‘अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले होते’ असेही लिहिलेले असते आणि हे वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट तेथील एका विद्यापीठाला १९९५ साली दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेऊन ते १९९७ मध्ये रद्द करवले. मात्र ते रद्द झाले, ते हा उपयोग आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होता म्हणून. मधुमेहाचा त्यात प्रश्नच नव्हता. खऱ्या गोष्टीला असे खोटे जोडलेले असते, आणि तो सांधा शोधणे हेच तपासणीचे मुख्य काम आहे.

‘संशोधनाने सिद्ध’ असे लिहिले असेल, तर प्रयोग कशावर झाला हे पाहावे: काचपात्रातील पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि माणसांवर असल्यास किती जणांवर व कशाशी तुलना करून. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्यावर असे प्रयोग होतात तो तिचा पिवळा घटक, साधारण तीन टक्केच असते आणि तेही आतड्यातून फार थोडे शोषले जाते. म्हणून कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेचा निष्कर्ष डब्यातल्या हळदीला लावता येत नाही.

लिहिणाऱ्याचे नाव, पात्रता आणि तारीख पाहावी. तोच काही विकत असेल, तर अधिक सावध राहावे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपचार कायद्याने निषिद्ध आहे. पडताळणीसाठी जागतिक आरोग्य संघटना किंवा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संकेतस्थळांवर शोधावे.

माझ्या मते संदेशातील सर्वांत घातक शब्द ‘बंद करा’ हे आहेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन थांबवल्यास काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. हे शब्द दिसले की संदेश पुढे पाठवू नये आणि गोळ्यांचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांवरच सोडावा. हळदीच्या कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील, तर तेही त्यांना न संकोचता सांगावे. विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असताना या कॅप्सूलमुळे रक्तस्राव वाढू शकतो.