दुकानात कादंबरीचं प्रकाशन करताय? या चुका टाळा

वक्ता म्हणून कोणाला बोलवायचं हे ठरवण्याआधी त्याच्या हातात पुस्तक कधी पडणार, हे ठरवा. पुण्यात पुस्तकांच्या दुकानात काम करायला लागून मला १९ वर्षं झाली आणि दुकानातले प्रकाशनाचे कार्यक्रम माझ्याकडे असतात. खुर्च्या मांडण्यापासून शेवटचं बिल होईपर्यंत सगळं. दर वर्षी त्याच त्या चुका बघते. त्यातली ही पहिली चूक मला अजून सहन होत नाही.

काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एका लेखिकेच्या पहिल्या कादंबरीचा कार्यक्रम होता. आठ वर्षं ती त्यावर काम करत होती. प्रकाशकाने वक्त्यांकडे पुस्तक पोचवलं ते आदल्या दिवशी दुपारी. वक्ते निवृत्त प्राध्यापक, सज्जन माणूस. एका रात्रीत अडीचशे पानं कशी वाचणार? त्यांनी सुरुवातीची तीन प्रकरणं वाचली आणि थेट शेवटचं. मग भाषणात शैलीचं कौतुक करता करता सांगून टाकलं, की ज्या भावाची पत्रं घरी येत असतात तो भाऊ केव्हाच गेलेला आहे आणि पत्रं आईच लिहिते.

दुसऱ्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. लवकर आल्या होत्या, ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीला अडकवून तोवर टेबलावरची प्रत वाचत होत्या. भाषण सुरू झालं तरी बोट पानात तसंच ठेवलेलं. ते वाक्य ऐकलं आणि त्यांनी बोट काढून घेतलं. निघताना प्रत टेबलावर परत ठेवली, गठ्ठ्याच्या कडा हाताने सारख्या केल्या आणि गेल्या. लेखिकेने ते पाहिलं. आठ वर्षं जपलेली गोष्ट तिच्यासमोर चार मिनिटांत संपली. त्या संध्याकाळी ११ प्रती गेल्या, त्यातल्या बहुतेक नातेवाइकांनी घेतलेल्या.

तेव्हापासून माझा नियम आहे. शेवटचं प्रूफ हातात आलं की त्याची छापील, स्पायरल केलेली प्रत वक्त्याकडे तीन आठवडे आधी गेलीच पाहिजे. आठवडाभर आधी मी स्वतः फोन करते आणि एकच विचारते, 'सर, कुठल्या पानाबद्दल बोलणार आहात?' ज्यांनी वाचलंय ते लगेच सांगतात, वर दोन शंकाही विचारतात. 'एकूणच लेखनाविषयी बोलेन' असं उत्तर आलं की मी लेखकाला दुसरं नाव तयार ठेवायला सांगते. शिवाय लेखक वक्त्याच्या प्रतीत एक चिठ्ठी घालतो: कथानक इथपर्यंतच सांगावं. यात कोणाचा अपमान होत नाही. उलट अनेक ज्येष्ठांनी मला सांगितलंय की यामुळे बोलणं सोपं गेलं. मलपृष्ठावरचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून 'यावरून बोला' म्हणणारे प्रकाशक मी पाहिलेत. पुस्तक न वाचता त्यावर बोलणं हा वाचकाचा अपमान आहे आणि त्यात प्रकाशकही सामील असतो.

दुसरी चूक अभिवाचनाची. लेखक उभा राहतो, पुस्तक चाळतो आणि म्हणतो, 'कुठलं वाचू? बरं, पहिलंच प्रकरण वाचतो.' वीस मिनिटं झाली तरी वाचन चालूच. सोपा हिशोब आहे. मोठ्याने, नीट वाचलं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर तीनशेच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे दहा मिनिटांसाठी चार पानं पुरतात. मी दहाच मिनिटं देते. उतारा असा निवडा की त्यात दोन माणसं बोलतायत आणि कोण कोणाचं कोण, हे आधी समजावून सांगावं लागत नाही. निसर्गवर्णनाचं सुंदर पान घरी एकट्याने वाचण्यासाठी राहू द्या. निवडलेलं मोठ्या टायपात छापून घ्या, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि घरातल्या कोणाला तरी दोनदा वाचून दाखवा.

कादंबरीत बोलीभाषा असेल तर जास्तच जपायला हवं. अमरावतीकडच्या एका लेखकाची कादंबरी होती, संवाद सगळे वऱ्हाडीत. हौसेने एका नाटकातल्या नटाला वाचायला बोलावलं होतं. आवाज उत्तम. प्रसंग असा: मुलीला सासरी परत धाडायचंय, ती चुलीपाशी बसून रडतेय आणि बाप विचारतो, 'काहून रडून रायली?' नटाने ते वाक्य विनोदी नाटकातल्या गावकऱ्याच्या सुरात टाकलं आणि सगळं दुकान हसलं. लेखकाचे वडील पहिल्या रांगेत होते. ते हसले नाहीत, खाली बघत राहिले. बोलीतला मजकूर ती बोली घरी बोलणाऱ्यानेच वाचावा. आवाज साधा असला, मध्ये अडखळला तरी चालेल. त्या लेखकानेच वाचलं असतं तर तीच माणसं गप्प झाली असती.

बाकीचं थोडक्यात.

दुकानात पाच पाहुण्यांचं व्यासपीठ मांडू नका. चाळीस खुर्च्यांच्या जागेत पाच मोठ्या खुर्च्या, टेबल आणि पुष्पगुच्छ आले की वाचकांना उभं राहावं लागतं. एक लेखक, एक बोलणारा, बस्स. शाल-श्रीफळ घरी द्या. समई तर अजिबात नको, चारही बाजूंना कागद आहे.

प्रत चकचकीत कागदात गुंडाळून सेलोटेपने बंद करू नका. ती सोडवताना पाहुण्यांची नखं कव्हरवर उमटतात. एकच फीत, एकच सरगाठ.

प्रती कार्यक्रमाच्या दिवशी बाइंडरकडून थेट दुकानात मागवणं ही निव्वळ घाई आहे. डिंक नीट बसलेला नसतो, वाचकाने पुस्तक सपाट उघडलं की पानं सुटतात. पावसाळ्यात लॅमिनेशन केलेली कव्हरं दमट हवेने वर वळतात. निदान चार दिवस आधी आणा, दहा-दहाचे गठ्ठे एकाचा कणा डावीकडे, एकाचा उजवीकडे असे रचा आणि वर वजन ठेवा. मी प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत पूर्ण उलटून बघते. एखादा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेला सोळा पानांचा जुडगा, दोनदा लागलेला किंवा गाळलेला हमखास सापडतो. मागच्या कव्हरवर १३ आकडी आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा, बारकोड आहे का, तेही तेव्हाच बघा, नाहीतर ऐन गर्दीत प्रत्येक बिल हाताने टाकत बसावं लागतं.

प्रती वाटून संपवण्याआधी चार बाजूला काढा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. नव्याने प्रकाशन सुरू केलेल्यांना हे बहुधा कोणी सांगतच नाही.

तारीख. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, सगळ्यांनाच हवा असतो. त्या संध्याकाळी टिळक रस्त्यावर एक कार्यक्रम, पत्रकार भवनात दुसरा, एस. एम. जोशी सभागृहात तिसरा, आणि तुमचा वाचक एकच. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास करणार असाल तर जून टाळा, शाळेच्या पुस्तकांच्या झुंबडीत गाडी लावायला जागा मिळत नाही. गणपतीचे दिवसही टाळा, रस्ते बंद असतात. मला स्वतःला जानेवारीतला मधला एखादा मंगळवार आवडतो. तेव्हा येतो तो पुस्तकासाठीच येतो.

येणाऱ्या प्रत्येकाला प्रत भेट देऊ नका. विकत घेतलेली कादंबरी माणूस वाचतो, भेट मिळालेली कपाटात जाते. मित्रांना वाईट वाटेल असं लेखक म्हणतात. खरे मित्र पहिले रांगेत उभे असतात.

सह्यांच्या वेळी घाईत नावं चुकतात आणि शाईने लिहिलेलं नाव खोडता येत नाही. रांगेतल्या प्रत्येकाला आम्ही कागदाची चिठ्ठी देतो, तो स्वतः नाव लिहितो आणि चिठ्ठी शीर्षकाच्या पानात ठेवतो. लेखकाशेजारी एक जण बसून ते पान उघडून पुढे सरकवतो आणि सही झाली की टिपकागद ठेवतो. पेन पातळ शाईचं नको, मऊ कागदावर ती मागे उमटते. साधं बॉलपेन द्या आणि एक जास्तीचं ठेवा. दुकान नऊला बंद होतं, तेव्हा सह्या सव्वाआठला सुरू झाल्याच पाहिजेत. तोवर आभार संपले नसतील तर मी स्वतः उठून टेबलावरचा दिवा लावते आणि रांग सुरू करते.