लांब पल्ल्याच्या धावेत पोट सांभाळण्यासाठी ग्लुटामीन कसे घ्यावे

पाम बीच रस्त्यावर किंवा येऊरच्या चढावर दीड-दोन तास धावताना पोटात मुरडा येणे, मळमळणे किंवा मध्येच शौचालय शोधावे लागणे हा अनुभव अनेक धावपटूंना येतो आणि त्यावर उपाय म्हणून हल्ली ग्लुटामीनसारख्या अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या घटकांच्या, पावडरीचे डबे सर्रास सुचवले जातात. डबा घेण्यापूर्वी आतड्यात नेमके काय घडते ते समजून घ्यावे. जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे व त्वचेकडे वळते, त्यामुळे आतड्याचा रक्तपुरवठा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. त्यातच शरीराचे तापमान वाढले की अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि जिवाणूंच्या आवरणातील विषारी अंश रक्तात झिरपू लागतात. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून तापमान इथे अधिक वेगाने चढते, आणि पुण्यात जमणारा वेग ऑक्टोबरच्या सकाळी खारघरला पोटाला झेपेलच असे नाही.

म्हणून पहिले काम डब्याचे नाही. धाव पहाटे लवकर सुरू करावी, उन्हाळ्यात वेग कमी ठेवावा आणि तासाभराहून लांब धावेत दर वीस मिनिटांनी सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून घोट-घोट घ्यावी, कारण उष्णतेत केलेल्या प्रयोगांत एवढ्याने आतड्याची इजा कमी झालेली आढळली आहे. धावण्यापूर्वी ‘खबरदारी’ म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेण्याची सवय असल्यास ती आधी सोडावी. ही वेदनाशामके स्वतःच आतड्याच्या अस्तराला इजा करतात, आणि ती घेत राहून वर महागडी पावडर घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

एवढे करूनही त्रास राहिला तर ग्लुटामीनचा विचार करावा. लहान आतड्याच्या पेशी इंधन म्हणून ते मोठ्या प्रमाणात वापरतात आणि उष्णतेत धावण्यापूर्वी ते दिले असता आतड्याची पारगम्यता, म्हणजे अस्तरातून नको ते अंश झिरपू देण्याचे प्रमाण, कमी वाढल्याचे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. त्यांतील मात्रा चरबी वगळून उरणाऱ्या शरीरवजनाच्या दर किलोला ०.२५ ते ०.९ ग्रॅम अशी होती. म्हणजे हे वजन ५० किलो असल्यास साधारण १२.५ ते ४५ ग्रॅम. बाजारातल्या डब्यावर बहुधा ५ ग्रॅमचा चमचा सुचवलेला असतो, त्यामुळे जाहिरात आणि प्रयोग यांत बरेच अंतर राहते. आरंभ खालच्या टोकापासूनच करावा, व्यायामाच्या एक ते दोन तास आधी घ्यावे आणि पावडर पाण्यात आयत्या वेळी कालवावी, कारण विरघळलेले ग्लुटामीन हळूहळू विघटित होते. पारगम्यता कमी झाली म्हणजे मुरडा थांबेलच किंवा धाव पूर्ण करण्याची वेळ सुधारेलच असे मात्र गृहीत धरू नये.

सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा मार्ग वेगळा आहे. शरीरात त्यापासून आर्जिनीन हे अमिनो आम्ल आणि पुढे रक्तवाहिन्या रुंदावणारे नायट्रिक ऑक्साइड तयार होते. १० ग्रॅम सिट्रुलिन घेतलेल्या सायकलस्वारांत पोटाकडचा रक्तप्रवाह अधिक टिकल्याची नोंद आहे. थेट आर्जिनीनच्या मोठ्या मात्रेने मात्र जुलाब होऊ शकतात. बीसीएए (शाखायुक्त अमिनो आम्लांचे मिश्रण) हे मुख्यतः स्नायूंसाठी विकले जाते. पोटासाठी ते घेण्याचे कारण नाही.

डब्यावर एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावे, आणि स्पर्धात्मक खेळाडूंनी उत्तेजक द्रव्यांसाठी तपासलेली बॅचच निवडावी. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय यांपैकी काहीही घेऊ नये. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी सिट्रुलिनबाबत आवर्जून विचारावे.

नवी पावडर ठाणे वर्षा मॅरेथॉनच्या सकाळी प्रथमच तोंडाला लावू नये. सरावाच्या दिवशी, नेहमीच्या मार्गावर आणि नेहमीचाच नाश्ता करून ती आजमावावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मात्रा, वेळ, हवामान व पोटाची स्थिती वहीत लिहून ठेवावी. चार-पाच लांब धावांनंतरही फरक जाणवला नाही तर डबा बंद करावा. शौचावाटे रक्त पडले, शौचाचा रंग काळा झाला किंवा व्यायाम नसलेल्या दिवशीही पोट दुखत राहिले, तर प्रयोग तिथेच थांबवून पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे.