आखाजीआधी पद्मिनीचा कार्ब्युरेटर उघडायचा असेल तर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला कन्नडहून माहेरी आणायला आमच्याकडे पद्मिनीच जाते. पारोळ्याहून भडगाव, चाळीसगाव, मग घाट. वडिलांनी घेतलेली ही १९८७ची गाडी, आणि वैशाखाच्या उन्हात तिचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, ‘ओव्हर’ होतो. म्हणजे त्याच्या वाटीतलं पेट्रोल जिथे थांबायला हवं तिथे थांबत नाही आणि वरून इंजिनात सांडतं. पेट्रोलचा वास, मागून काळा धूर, सेल्फ मारून मारून बॅटरी बसते आणि प्लग काढले तर ओले निघतात. तुमच्याकडे पद्मिनी, अँबेसेडर किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असेल तर ही तयारी सणाच्या आठवडाभर आधी करा. सुट्या भागांसाठी धुळ्याला किंवा जळगावला चक्कर पडते आणि सणाच्या तोंडावर दुकानदारही भेटत नाही.

पाना हातात घेण्याआधी दोन दिवस गाडीकडे नुसतं बघा. पहिल्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर थंड झालेली असताना सुरू करा आणि टॉर्चने कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहा. गाडी एका जागी संथ चालू असताना आत पेट्रोल ठिबकत असेल तर दोष पेट्रोल अडवणाऱ्या सुईत, वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटमध्ये किंवा टाकीतून पेट्रोल आणणाऱ्या पंपाच्या दाबात आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, दहा मिनिटं बंद ठेवा आणि मग सेल्फ मारा. पहाटे शहाण्यासारखी वागणारी गाडी फक्त अशा वेळी ओव्हर होत असेल तर तो उन्हाचा आजार आहे. हे दोन आजार वेगळे आहेत, औषधही वेगळं आहे. आपल्या भागात याच ठिकाणी सगळ्यात जास्त चूक होते. मागच्या वर्षी माझ्या गाडीचा आजार उन्हाचा होता आणि एका फिटरने हवेचा स्क्रू फिरवून दिला. पुढचे तीन महिने गाडी धडपणे चाललीच नाही.

याच दोन दिवसांत ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, ऑइल बोटाला पाण्यासारखं पातळ लागत असेल, तर इंजिन चालू करू नका. सांडलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं आहे, आणि अशा ऑइलवर बेअरिंगं घासली जातात. दोष काढल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलायचे. तेवढे आधीच आणून ठेवा.

काम उघड्यावर, सावलीत, सकाळी सात-आठच्या आत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात आणि बंद खोलीत तळाशी साठते. म्हणून गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा चुलीच्या जवळच्या ओसरीत हे काम नको. शेजारी पावडरचं अग्निशामक आणि वाळूने भरलेली बादली असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. बघायला जमणाऱ्या मंडळींना बिडी विझवूनच जवळ येऊ द्या, मोठ्या माणसांनाही.

सामानात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक पांढरं ताट. कार्ब्युरेटर त्यातच उघडायचा. वाटीच्या तळाशी काय निघतं, लाल गंज, काळे रबराचे कण की पाण्याचा थेंब, ते पांढऱ्यावरच दिसतं आणि निम्मं निदान तिथेच होतं. पेचकस खाचेत घट्ट बसणाराच घ्या, कारण जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे स्क्रू, पितळेचे असतात आणि सैल पेचकसाने खाच मोडते. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे आणि पंक्चरवाल्याकडची हवा पुरते. प्रत्येक दांडी, स्प्रिंग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. सुट्या भागांचं किट आणताना जुनी सुई सोबत न्या आणि शेजारी ठेवून ताडून घ्या.

आता सुईबद्दल, कारण बहुतेक वेळा दोष हिचाच. वाटी भरत आली की फ्लोट वर येतो, तो सुईला बैठकीत दाबतो आणि पेट्रोल थांबतं. या बैठकीत धुळीचा एक कण अडकला तरी ते थांबत नाही. सुईच्या टोकावरून नख फिरवा, गोल कडा लागली तर सुई आणि बैठक जोडीनेच बदला. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. आवाज येत नसेल तर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे बघा, पण चुलीपासून लांब आणि वरचं पेट्रोल पुसून. डाग देऊन वापरायचा मोह होतो, पण डागाने फ्लोटचं वजन वाढतं आणि तो उशिरा वर येतो. नवाच घ्या. सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये सुईच्या बैठकीखाली एक वॉशर असतो आणि पेट्रोलची पातळी त्याच्या जाडीवर ठरते. तो हरवला, बदलला किंवा चुकून दोन बसले तर बाकी सगळं नवं घालूनही गाडी बिघडते. म्हणून तो काढल्या काढल्या वेगळ्या डबीत ठेवा. नवी सुई बसल्यावर तोंडाने फुंकून तपासता येते: ती बंद असताना हवा जाता कामा नये. आधी सगळं पुसून कोरडं करा, पेट्रोल तोंडात जायला नको.

सुई चांगली असूनही पेट्रोल येत असेल तर पंपाकडे बघा. कोणी जुना पंप काढून इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर त्याचा दाब विचारा. कार्ब्युरेटरला तीन ते पाच पीएसआय (दाबाचं माप) पुरतात. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप ४०च्या आसपास देतो, त्यापुढे कुठलीही सुई टिकत नाही. टाकीपासूनचा रबरी पाइपही याच वेळी बदला. पेट्रोल पंपावर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुनं रबर फुगतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटून सुईपर्यंत येतो. इथेनॉलला चालणारा पाइप मागा आणि पारदर्शक फिल्टर लावा. एअर फिल्टर तर बदलाच. कापसाच्या मोसमात आपल्याकडे हवेत जे तंतू आणि धूळ असते, त्याने फिल्टर चोंदतो आणि हवा कमी पडली की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. चोकची (थंड गाडी सुरू करताना हवा अडवणाऱ्या झडपेची) केबल पूर्ण परत जाते का, तेही बघून घ्या.

उन्हाच्या आजाराला मात्र सुई बदलून उपयोग नाही. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, आणि गाडी बंद केल्यावर इंजिनाची धग थेट वाटीत चढते. पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मध्ये जाड बेकलाइटचं पॅकिंग असतं, ते उष्णता अडवण्यासाठीच. कुणी त्याच्या जागी पातळ कागदी पॅकिंग लावलं असेल तर जाड पुन्हा बसवा. रस्त्यात थांबलात तर बोनेट उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं चहा घ्या. मग चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पंप करू नका, दर दाबण्याला आणखी पेट्रोल जातं. प्लग काढून वाळवायची वेळ आली तर सेल्फ मारण्याआधी कॉइलची वायर काढा, कारण प्लगच्या भोकांतून बाहेर येणाऱ्या पेट्रोलला एक ठिणगी पुरते.

सगळं जोडल्यावर रात्री कार्ब्युरेटरखाली कोरा कागद ठेवा. सकाळी त्यावर डाग नसेल तर गाडी चालू करून नव्या पाइपाचे जोड बोटाने चाचपा. मग दुपारी चाळीसगावपर्यंत जाऊन, थांबून, परत या. निघताना जुनी सुई, त्याच जाडीचा एक जादा वॉशर आणि एक जादा पॅकिंग कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. घाटात दुकान मिळत नाही.